पगारवाढ, लॉटरी आणि उसाचं बिल: नॉर्वेतल्या पगारी पीएचडीला अर्ज करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून अर्थशास्त्रात एम.ए. झालं आहे, प्रबंध अवकाळी पावसामुळे शेतकरी कुटुंबांचा खर्च कसा बदलतो यावर होता. नॉर्वेतल्या एका विद्यापीठाची जाहिरात पाहिली. पगारी पीएचडीची जागा आहे, विषय ‘उत्पन्न बदललं की कुटुंबं काय करतात’. अर्ज करावा का, संशोधन आराखड्यात काय लिहावं, विषय फार अरुंद तर नाही? आणि त्यापेक्षा अमेरिकेसाठी थांबावं का, की इथेच जेआरएफ (यूजीसीची संशोधन शिष्यवृत्ती) घ्यावी?

अर्ज कराच. अशाच एका प्रकल्पावर मी पीएचडी केली, आणि गेली काही वर्षं निवड समितीत बसून दुसऱ्यांचे अर्ज वाचतोय. विषय अरुंद अजिबात नाही, उलट जाहिरातीतली ती ओळ फसवी आहे. वाचताना वाटतं, पैसे वाढले की माणूस जास्त खर्च करतो, कमी झाले की हात आखडतो, यात शोधायचं काय? बहुतेक अर्ज तिथेच गळतात. माझा पहिला अर्जही तिथेच गळला होता.

खरा प्रश्न वेगळा आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलं की घर आपला खर्च या महिन्याच्या पगारावर ठरवत नाही. पुढच्या बऱ्याच वर्षांत साधारण किती येत राहील, या अंदाजावर ठरवतं. मोदिग्लियानी आणि ब्रुमबर्ग यांनी त्याच्या थोडं आधी हीच गोष्ट माणसाच्या आयुष्यभराच्या हिशेबात बसवली होती: तरुणपणी कर्ज, मधल्या वयात बचत, म्हातारपणी ती मोडून खाणं. मग १९७८ मध्ये रॉबर्ट हॉल यांनी त्यातून टोकाचा निष्कर्ष काढला. हे खरं असेल, तर आधीपासून माहीत असलेली पगारवाढ प्रत्यक्ष हातात पडते त्या महिन्यात खर्च हलायला नको. तो हलायला हवा बातमी कळली तेव्हा.

माझा मोठा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सातवा वेतन आयोग केंद्राच्या कर्मचाऱ्यांना २०१६ मध्ये लागू झाला. महाराष्ट्रात वाढीव पगार मिळू लागला जानेवारी २०१९ पासून, तोही १ जानेवारी २०१६ पासूनच्या थकबाकीसह. ती थकबाकी पाच हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत जमा होणार होती, रोख हातात येणार नव्हती. आता भावाच्या घरात काय झालं ते बघा. २०१७ मध्येच ‘आयोग लागणार’ हे शिक्षकांच्या खोलीत ठरून गेलं होतं. त्याने शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि गावाबाहेर प्लॉट घेतला. वहिनी म्हणाल्या, “हप्ता झेपेल का?” तो म्हणाला, “आयोगात निघून जाईल.” २०१९ मध्ये पगाराच्या पावतीवरचा आकडा वाढला त्या महिन्यात घरातला किराणा तेवढाच, पेट्रोल तेवढंच, दूधही तेवढंच. फक्त हप्ता भरताना ओढाताण थांबली.

समजा एखाद्या संशोधकाकडे भावाच्या घराचे फक्त २०१९ चे आकडे आहेत. पगार वाढला, खर्च जागचा हलला नाही. तो लिहील, शिक्षक कुटुंबं वाढलेला पगार जवळजवळ सगळा साठवतात. साफ चूक. पैसे दोन वर्षं आधीच खर्च झाले होते, आणि तेही कर्ज काढून. दुसरा संशोधक थकबाकीची रक्कम उत्पन्नात धरेल आणि म्हणेल, एवढे पैसे आले तरी हे लोक खर्च करत नाहीत. अहो, ते पैसे फंडात आहेत, खिशात नाहीत!

म्हणून उत्पन्नातला कुठलाही बदल समोर आला की तीन गोष्टी विचारायच्या. हा टिकणारा आहे की एकदाचाच? घराला तो कधी कळला? आणि कळला तेव्हा घरात हाताशी रोकड होती का, किंवा कर्ज मिळण्यासारखं होतं का? या विषयातलं जवळजवळ सगळं चांगलं काम या तिन्हींना एकमेकांपासून सोडवण्यात गेलेलं आहे. तुमच्या अर्जात हे तीन प्रश्न तुमच्या शब्दांत दिसले, तर वाचणारा सरसावून बसतो.

सोडवायचं कसं याची एक-दोन उदाहरणं मुखोद्गत हवीत. अमेरिकेत २००१ मध्ये सरकारने कर परतावा वाटला, एकट्या माणसाला ३०० डॉलर आणि जोडप्याला ६०० डॉलरपर्यंत. सगळे चेक एकाच दिवशी निघणं शक्य नव्हतं, म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांनुसार आठवडे ठरवले. ते अंक म्हणजे निव्वळ नशीब. त्यामुळे एकाला जुलैत, दुसऱ्याला सप्टेंबरात पैसे मिळाले आणि दोघांत बाकी काही फरक नाही, अशी तुलना आपोआप मिळाली. जॉन्सन, पार्कर आणि सुलेलेस यांनी २००६ मध्ये दाखवलं की चेक आला त्या तिमाहीत घरांनी त्यातले २० ते ४० टक्के रोजच्या, न टिकणाऱ्या वस्तूंवर खर्च केले. चेक येणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं! हॉल यांच्या हिशेबाने हा आकडा शून्याच्या जवळ हवा होता.

दुसरं उदाहरण नॉर्वेचंच, ते तर वाचून जायलाच हवं. फागेरेंग, होल्म आणि नातविक यांनी लॉटरी जिंकलेल्या घरांचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बक्षीस लागलं त्याच वर्षी घरांनी सरासरी साधारण निम्मी रक्कम खर्च केली, आणि पाचेक वर्षांत खर्च पुन्हा नेहमीच्या पातळीवर आला. बक्षीस जेवढं लहान आणि हाताशी शिल्लक जेवढी कमी, तेवढा खर्च होणारा वाटा मोठा. उत्पन्न कमी म्हणून खर्च जास्त, असं सरळ नाही. रोकड कमी म्हणून जास्त. घर, गाडी, पेन्शन सगळं असलेला माणूसही महिनाअखेरीला कफल्लक असू शकतो. कॅप्लन आणि व्हायोलांते यांनी २०१४ मध्ये या माणसाला सिद्धान्तात जागा दिली. आपल्याकडे गृहकर्ज घेतलेल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात तो भेटतो.

आणि प्रतिसाद म्हणजे फक्त खरेदी नव्हे. स्वीडनमधल्या लॉटरीच्या अभ्यासात, २०१७ चा, जिंकणाऱ्यांची वार्षिक कमाई बक्षिसाच्या सुमारे एक टक्क्याने कमी झाली. म्हणजे लोक थोडं कमी काम करू लागले, पण नोकरी सोडून बसले नाहीत. एकाची नोकरी गेली की दुसरा कामाला लागतो का, कर्ज फेडतात की वाढवतात, मुलांचं शिक्षण लांबतं का, हे सगळं त्या एका ओळीत येतं.

हे काम नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क इथेच एवढं का होतं? नोंदींमुळे. नॉर्वेत प्रत्येकाला १९६४ पासून व्यक्ती क्रमांक आहे. मालक पगाराची, बँका ठेवी-कर्जांची माहिती थेट करखात्याला पाठवतात. देशात संपत्ती कर आहे, म्हणून मालमत्तेचीही वर्षअखेरची नोंद होते. नाव-गाव काढून टाकलेल्या या नोंदी जोडल्या की देशातलं प्रत्येक घर वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर येतं. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणी प्रत्येक वेळी नवी घरं निवडते. सीएमआयई ही खासगी संस्था २०१४ पासून त्याच घरांकडे वर्षातून तीनदा जाते, पण घर सांगेल ते लिहून घ्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र त्या नोंदींत नसते: खर्च. कोणी किती दूध घेतलं हे करखात्याला काय ठाऊक! तो वजाबाकीने काढतात. वर्षाचं करोत्तर उत्पन्न घ्यायचं, त्यातून वर्षभरात संपत्ती जितकी वाढली ती वजा करायची, उरलं ते खर्च झालं. ब्राउनिंग आणि लेथ-पीटरसन यांनी डेन्मार्कच्या नोंदींवर ही पद्धत २००३ मध्ये तपासून दाखवली. ऐकायला सोपी आहे, करायला घेतली की रडवते. माझ्या पहिल्या वर्षी एका घराचा वार्षिक खर्च उणे आला, आणि साधासुधा उणे नाही, लाखोंनी. तीन दिवस मी कोडमधली चूक शोधत होतो. चूक नव्हती. त्या घराने फ्लॅट विकला होता. नोंदीत फ्लॅटची किंमत होती कमी आणि बँकेत आलेले पैसे होते बाजारभावाने. संपत्ती एका रात्रीत फुगली, म्हणून वजाबाकी उणे. शेअर वधारले, बापाने मुलाला पैसे दिले, घटस्फोट झाला, की असंच होतं. त्या वर्षांत घर खरेदी-विक्री केलेली कुटुंबं बाजूला काढायची, पण मग जी उरतात ती सगळ्यांसारखीच आहेत का, हा नवा प्रश्न. पीएचडीचं निम्मं आयुष्य यात जातं, हे आधीच सांगून ठेवतो.

आता तुमच्या अवकाळीबद्दल. तो विषय जुना, गावाकडचा, इथे काय कामाचा, असं समजून अर्जात लपवू नका. या क्षेत्रातला एक पायाभूत निबंध आपल्याच मातीतला आहे. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू गावांत घराघरांतून नियमित नोंदी घेतल्या. त्यांत सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझारा होतं. ही दोन आणि आत्ताच्या तेलंगणातलं औरेपल्ली, अशी तीन गावं घेऊन रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये विचारलं: एखाद्या घराचं पीक गेलं, आजारपण आलं, तर त्या घराचं खाणंपिणं गावाच्या मानाने किती घसरतं? उत्तर आलं, फारसं नाही. घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होतो, स्वतःच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाबरोबर फार कमी. गावातली घरं एकमेकांचं नुकसान पूर्ण वाटून घेतात, म्हणजे गावच पूर्ण विमा देतं, ही कल्पना आकडेवारीने फेटाळली गेली, पण वस्तुस्थिती तिच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ जवळ निघाली. एका गावात भूमिहीन मात्र उघड्यावर पडलेले दिसले. रॅव्हॅलियन आणि चौधुरी यांनी १९९७ मध्ये खर्च मोजण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला, तोही वाचा. त्याच इक्रिसॅटच्या आकड्यांवर रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखवलं की लेकी लांबच्या गावात देण्यामागे पावसाची जोखीम वाटून घेण्याचाही हिशेब असतो. आमच्या आजीला हे निबंध न वाचता माहीत होतं. “एकाच ओढ्यावरच्या दोन गावांत सोयरीक करू नये,” असं ती म्हणायची.

म्हणजे तुमच्याकडे असलेली जाण खरी आहे. फक्त ती नॉर्वेच्या प्रकल्पात कशी बसवायची हे ठरवावं लागेल. इथे बरेच भारतीय अर्ज घसरतात. जागा प्रकल्पाची आहे, पैसा एका मंजूर अनुदानातून येतोय, डेटा तिथला आहे. आराखड्यात उसाची उचल आणि दिवाळीच्या हप्त्यावर चार पानं लिहिली, तर समिती म्हणेल, उत्तम, पण हे आमच्याकडे होणार नाही. उसाचं बिल एका परिच्छेदात वापरा. तेही करुण कहाणी म्हणून नको, वेळेचा प्रश्न म्हणून: बिल कारखान्याने कायद्याप्रमाणे १४ दिवसांत द्यायचं असतं, प्रत्यक्षात ते तुकड्यांनी आणि उशिरा येतं, आणि शेतकरी दुकानदाराकडे उधारीवर जगतो, मग उत्पन्न ‘आलं’ ते कधी धरायचं? ऊसतोड कामगाराने हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल तर त्याच्याही पुढची: तिथे खर्च आधी होतो आणि कमाई नंतर. एवढं लिहून थेट नॉर्वेवर या.

नॉर्वेत काय घेता येईल? २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळले आणि स्टाव्हांगर परिसरात तेलसेवा कंपन्यांतल्या नोकऱ्या गेल्या. तिथल्या घरांनी काय केलं? दुसरं, मला जास्त आवडणारं: तिथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजदराची असतात. मध्यवर्ती बँकेचा दर सप्टेंबर २०२१ पर्यंत शून्य होता, डिसेंबर २०२३ मध्ये ४.५ टक्के झाला. ज्याच्यावर कर्ज जास्त, त्याच्या हातातलं उत्पन्न पगार न बदलताही आटलं. पण जास्त कर्ज घेणारे आणि कमी घेणारे मुळात वेगळे लोक असतात, मग तुलना कशी करणार? या अडचणीवर अर्धं पान लिहा. सगळी उत्तरं असायला हवीत असं नाही. अडचण तुम्हाला दिसली आहे, हे दिसायला हवं. मी वाचलेल्या अर्जांत ‘फिक्स्ड इफेक्ट्स वापरून रिग्रेशन करू’ हे ठरावीक सांख्यिकी तंत्राचं वाक्य जवळजवळ प्रत्येकात असतं. घरातला बदल घराला आधी माहीत होता का, हे वाक्य क्वचित.

जागेच्या अटी पटकन सांगतो. नॉर्वेत पीएचडी करणारा विद्यार्थी नसतो, कर्मचारी असतो: करारपत्र, पगार, कर, पेन्शन, पगारी रजा. कालावधी तीन वर्षं, किंवा २५ टक्के अध्यापनाची जबाबदारी धरून चार. चार मिळत असतील तर चारच घ्या. पहिलं वर्ष अभ्यासक्रम आणि डेटाची परवानगी यात निघून जातं. डेटा सुरक्षित सर्व्हरवर असतो, सुटीत पुण्याला लॅपटॉपवर घेऊन येता येत नाही. शेवटी साधारण तीन निबंध आणि त्यांना बांधणारी प्रस्तावना, मग प्रबंधाचा जाहीर बचाव, आणि त्याआधी, दहा कामाचे दिवस अगोदर कळवलेल्या विषयावर एक व्याख्यान. तो विषय तुमच्या प्रबंधाबाहेरचा असतो. मला त्याचीच जास्त धास्ती होती.

पात्रतेत दोन खोचा आहेत. पदव्युत्तर पदवीत बहुधा ‘बी’ किंवा त्याहून वरची श्रेणी मागतात, आणि आपले गुण त्यांच्या मोजपट्टीवर कसे बसतात ते त्यांना कळत नाही. विद्यापीठाचं श्रेणी-पद्धतीचं पत्रक अर्जाला जोडा. दुसरं म्हणजे प्रबंध. तुमच्याकडे तो आहे, हे मोठं भांडवल आहे. पूर्ण जोडा, इंग्रजी सफाईदार करून, पण निष्कर्ष फुगवू नका. अर्जदारांची यादी तिथे जाहीर होऊ शकते, आणि तज्ज्ञ समितीने तुमच्याबद्दल काय लिहिलं ते तुम्हालाही कळतं. नकार आला तरी ते टिपण वाचा. फुकट मिळालेलं मार्गदर्शन आहे ते. माझ्या पहिल्या नकारात एकच ओळ कामाची होती: उमेदवार बदलाचं वर्णन करतो, बदल कुठून आला हे विचारत नाही.

शिफारसपत्रांत आपण फार मार खातो. ‘अत्यंत हुशार, मेहनती, सुस्वभावी’ अशा तीन पत्रांना शून्य वजन. विभागप्रमुखांच्या सहीपेक्षा, ज्यांनी तुमचा प्रबंध खरोखर वाचला त्या सरांचं किंवा बाईंचं पत्र घ्या. त्यांना आठवण करून द्या: पावसाची आकडेवारी तालुक्याऐवजी मंडळनिहाय लावली तेव्हा निकाल कसा बदलला, ते तुम्हाला कसं सापडलं. पत्रात एवढा एक प्रसंग आला तरी काम होतं.

मुलाखत साधारण अर्ध्या तासाची, व्हिडिओवर. दहा मिनिटं तुमच्या प्रबंधावर, मग प्रश्न. मी नेहमी एकच विचारतो: तुमचा निकाल चुकीचा असेल तर कशामुळे असेल? जो लगेच ‘सॅम्पल लहान होतं’ म्हणतो, त्याने विचार केलेला नसतो. तुमच्या बाबतीत उत्तर समोरच आहे. अवकाळीने पीक जातं तसे रस्ते-बाजारही बंद पडतात, भाव बदलतात, मजुरीही जाते. मग खर्च कमी झाला तो उत्पन्नामुळे की बाजारच नव्हता म्हणून? हे तुम्हीच आधी काढा. स्टाटा किंवा आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटं काम देऊ शकतात. घरांचं पॅनेल, म्हणजे त्याच घरांच्या वर्षावर्षांच्या नोंदी, जोडणं, दोन वर्षांतला फरक काढणं, एवढं हात न अडखळता यायला हवं.

अमेरिका की इथेच, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. अमेरिकेत पाच-सहा वर्षं, पहिली दोन निव्वळ अभ्यासक्रम, विषय नंतर निवडायचा. नॉर्वेत विषय पहिल्या दिवशीच गळ्यात. कशावर काम करायचं हे अजून पक्कं नसेल तर अमेरिका बरी. जेआरएफचे महिना ३७ हजार हातात असतील आणि गोरेगावच्या आयजीआयडीआर या विकास संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेश मिळत असेल, तर त्यातही कमीपणा नाही. फक्त या एका विषयासाठी, नोंदींच्या बळावर, उत्तर युरोपाच्या तोडीचं दुसरीकडे सहज मिळणार नाही.

जाहिरातीत संपर्कासाठी प्राध्यापकांचं नाव असतं. त्यांना पाच ओळींची मेल करा, ‘रिस्पेक्टेड सर’ वगैरे न लिहिता, नुसतं नाव चालतं. दोनच गोष्टी विचारा: डेटाची परवानगी आधीच मिळाली आहे का, आणि खर्च वजाबाकीने काढणार की बँकेच्या व्यवहारांतून. उत्तर आलं की आराखडा त्यानुसार बदला. मुदतीची वेळ जाहिरातीत नॉर्वेची रात्री ११:५९ असेल. हिवाळ्यात ती आपल्याकडे पहाटे ४:२९ होते, उन्हाळ्यात ३:२९. त्या भरवशावर राहू नका, शिफारस देणारे सर त्या वेळी झोपलेले असतात.